गर्भातले हिमोग्लोबिन आणि विदर्भातला सिकलसेल

आनुवंशिक रक्तविकारांच्या अभ्यासात सिकलसेलचे स्थान वेगळे आहे. ज्या आजाराचे मूळ एका विशिष्ट रेणूच्या बिघाडात आहे असे प्रयोगाने प्रथम दाखवता आले तो हा आजार, आणि तरीही ते मूळ हाती लागल्यानंतर रुग्णाचे दुखणे कमी करणारे पहिले औषध कसोटीला उतरण्यासाठी ४६ वर्षे जावी लागली. १९४९ मध्ये अमेरिकेत लिनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवले, तेव्हा ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, म्हणजे त्याच्यावरील विद्युतभार वेगळा आहे, असे त्यांना आढळले. पुढे काही वर्षांतच केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हा फरक शेकडो अमिनो आम्लांपैकी केवळ एका आम्लाच्या अदलाबदलीत आहे हे दाखवले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने रुग्णाचे वेदनेचे झटके कमी होतात हे मात्र १९९५ मध्ये सिद्ध झाले. या मधल्या काळात जे संशोधन रुग्णाच्या खाटेशी, प्रसूतिगृहाच्या पाळण्याशी आणि वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदवह्यांशी बसून झाले, आणि ज्याला वैद्यकात क्लिनिकल किंवा रुग्णाधारित संशोधन म्हणतात, ते प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. रेणूचे ज्ञान आवश्यक होते, पण उपचाराचा धागा रेणूतून निघाला नाही. तो रुग्णांच्या निरीक्षणातून निघाला, आणि विदर्भातील रुग्णांसाठी तो धागा अजून विदर्भातच पुढे विणावा लागणार आहे, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

आजाराचे स्वरूप प्रथम थोडक्यात पाहणे इष्ट होईल. तांबड्या रक्तपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतीत तयार होतात आणि त्यांच्यात भरलेले हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की जे हिमोग्लोबिन तयार होते त्याला हिमोग्लोबिन एस म्हणतात. प्राणवायू सोडून दिल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ तंतू बनवतात आणि एरवी लवचीक असणारी गोल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. अशी पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते; हाडांत, छातीत, पोटात असह्य ठणका उठतो, ज्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही क्रायसिस म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा ते वीस दिवसांत नष्ट होते, म्हणून रुग्ण कायम पांडुरोगी राहतो. पाणथरी म्हणजे प्लीहा निकामी झाल्याने जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते, काही मुलांना लहान वयात पक्षाघात होतो, आणि तरुणपणी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून चालणे कठीण होते.

आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हीकडून एसचे जनुक आले तरच हा आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक असते आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. विदर्भात हा भेद ‘एसएस पॅटर्न’ आणि ‘एएस पॅटर्न’ या शब्दांत घरोघरी बोलला जातो. दोन एएस व्यक्तींच्या प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नव्याने तितकीच असते, पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत, ही गोष्ट समुपदेशनात पुन्हापुन्हा सांगावी लागते.

हे जनुक इतके पसरले कसे, या प्रश्नाचे उत्तरही क्षेत्रीय निरीक्षणानेच दिले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून दाखवले की वाहकांना फाल्सिपेरम जातीच्या मलेरियापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत मलेरियाने मुले मरत, तेथे एएस मुले अधिक जगली आणि जनुक टिकून राहिले. मलेरिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार गडचिरोलीत शेजारीशेजारी का आढळतात, त्याचे स्पष्टीकरण या निष्कर्षात आहे.

उपचाराचा धागा मात्र एका साध्या निरीक्षणाने सुरू झाला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काम करणाऱ्या जॅनेट वॉटसन यांनी नवजात अर्भकांचे रक्त तपासले आणि सिकलसेलचे जनुक घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या दिसतात, असे नोंदवले. गर्भात असताना बाळाच्या रक्तात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असलेले हिमोग्लोबिन, म्हणजेच हिमोग्लोबिन एफ असते. जन्मानंतरच्या महिन्यांत गॅमाचे उत्पादन मंदावते, बीटाचे वाढते, आणि त्याबरोबर आजार उघडा पडतो. वॉटसन यांचा तर्क असा होता की गर्भातील हे हिमोग्लोबिन पेशीला वाकू देत नाही. पॉलिंग यांच्या प्रसिद्ध निबंधाच्या एक वर्ष आधीचा हा तर्क वैद्यकाच्या इतिहासात तुलनेने कमी उल्लेखला जातो, पण आजच्या जनुकोपचारापर्यंतचे सारे काम त्याच्याच पोटातून आलेले आहे, आणि त्याचे मूल्य त्या प्रमाणात ओळखले जायला हवे.

या तर्काला निसर्गानेच केलेल्या प्रयोगांची साथ मिळत गेली. काही कुटुंबांत गॅमाचे उत्पादन जन्मानंतरही बंद होत नाही. अशा व्यक्तीत सिकलसेलचे जनुक असले तरी तिला फारसा त्रास होत नाही, असे आफ्रिकेतील वैद्यांनी १९५० च्या दशकात नोंदवले. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील मरूद्यानांतल्या रुग्णांत हिमोग्लोबिन एफचे प्रमाण बरेच जास्त आणि आजार सौम्य, असे १९७० च्या दशकात दिसले. ओडिशात बुर्ला येथील बी. सी. कर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तसेच चित्र दिसले. पुढे मूळच्या भारतीय अशा एका विस्तृत कुटुंबाच्या अभ्यासातून स्वी ले थीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिमोग्लोबिन एफचे प्रमाण ठरवणारी एक जागा सहाव्या गुणसूत्रावर सापडली, तर २००७ आणि २००८ मध्ये युरोपातील प्रौढांच्या आणि सार्डिनिया बेटावरील लोकांच्या पाहणीतून बीसीएल११ए हे जनुक पुढे आले. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशीत गॅमाचे उत्पादन दाबून ठेवणारा मुख्य घटक हाच, हे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या बोस्टनमधील गटाने सिद्ध केले. निरोगी माणसांच्या आणि सौम्य आजार असलेल्या रुग्णांच्या रक्तातले आकडे चिकाटीने मोजत राहिल्यावाचून हे जनुक कोणाला दिसले नसते.

हिमोग्लोबिन एफची ही कथा एका बाजूला चालू असताना मुले मात्र मरतच होती, आणि ती कशाने मरतात हेच नीट ठाऊक नव्हते, कारण रुग्णालयात पोहोचलेली मुले तेवढी मोजली जात. जी पोहोचण्याआधीच दगावत ती कोणत्याच नोंदीत येत नसत. ही उणीव जमैकाने भरून काढली. जून १९७३ ते डिसेंबर १९८१ या काळात किंग्स्टनच्या प्रसूतिरुग्णालयात जन्मलेल्या एक लाख अर्भकांचे नाळेचे रक्त तपासले गेले, त्यांतून एसएस निघालेली तीनशेहून अधिक मुले आणि त्यांच्या तुलनेसाठी तितक्याच वयाची निरोगी मुले निवडली गेली, आणि ग्रॅहॅम सर्जंट यांच्या नेतृत्वाखाली त्या सर्वांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. अशा पद्धतीच्या अभ्यासाला समूह-पाठपुरावा अभ्यास म्हणतात. एका समान आरंभबिंदूपासून पुढे काळाच्या ओघात काय घडते ते नोंदवणे, हे त्याचे मर्म होय.

या नोंदींतून दिसून आले की पहिल्या काही वर्षांत मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण म्हणजे पाणथरीत अचानक रक्त साचणे हे आहे: काही तासांत पाणथरी फुगते, अंगातले रक्त तिच्यात अडकते, मूल पांढरेफटक पडते आणि रक्त लावले गेले नाही तर दगावते. यावर योजलेला उपाय इतका साधा होता की त्याची थोरवी सहज नजरेआड होते. मुलाच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपून पाणथरी कशी ओळखायची, आणि ती वाढलेली वाटली तर तडक दवाखाना कसा गाठायचा, हे आयांना शिकवले गेले. त्यानंतर या कारणाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त आजार नेमका कधी आणि कसा घात करतो याचे विश्वासार्ह ज्ञान, आणि ते ज्ञान सर्वांत आधी ज्या हातांना उपयोगी पडेल त्या हातांत देण्याचा शहाणपणा. मेळघाटातील किंवा धडगावातील एखाद्या आशा कार्यकर्तीला ही चाचपणी शिकवता येते, आणि ती शिकवली जायला हवी.

त्यानंतरचा टप्पा यादृच्छिक चाचणीचा. यादृच्छिक चाचणीत रुग्णांची दोन गटांत विभागणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, म्हणजे कोणाच्याही पसंतीवाचून केली जाते. एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला दिसायला तसेच पण निष्क्रिय असे प्लासिबो दिले जाते. आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरला शेवटपर्यंत कळू दिले जात नाही, जेणेकरून आशेचा किंवा शंकेचा परिणाम मोजमापावर होऊ नये. १९८६ मध्ये मेरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील चाचणीत तीन वर्षांच्या आतील २१५ मुलांपैकी निम्म्यांना दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन देण्यात आले. जंतुसंसर्गाचे प्रमाण पेनिसिलिन घेणाऱ्या गटात ८४ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्या गटात कोणी दगावले नाही तर दुसऱ्या गटात तीन मुले दगावली. चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधी थांबवावी लागली, कारण लाभ इतका उघड झाल्यावर निम्म्या मुलांना त्यापासून वंचित ठेवणे अनैतिक ठरले असते. या निकालाने आणखी एक गोष्ट साधली. आजार लवकर कळला तर काही करता येते हे सिद्ध झाल्यामुळेच नवजात अर्भकांच्या सार्वत्रिक तपासणीला आधार मिळाला. ज्या तपासणीनंतर करण्यासारखे काही नाही, ती तपासणी कुटुंबाच्या माथी फक्त चिंता मारते.

हायड्रॉक्सियुरियाची वाट अधिक वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत प्रथम तयार केलेले हे रसायन पुढे रक्ताच्या कर्करोगांत वापरले जाऊ लागले. १९८२ मध्ये बबून माकडांवरील प्रयोगांतून असे दिसले की अझासायटिडिन नावाच्या औषधाने हिमोग्लोबिन एफ वाढते. पण ते औषध दीर्घकाळ देण्यास धोकादायक होते, म्हणून त्याच परिणामाचे सौम्य औषध शोधताना हायड्रॉक्सियुरियाकडे लक्ष गेले आणि १९८४ मध्ये रुग्णांत त्याचा अनुभव नोंदवला गेला. मग सॅम्युएल शराश यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातील २१ केंद्रांत, वर्षाला तीन किंवा अधिक वेळा क्रायसिस येणाऱ्या २९९ प्रौढांवर यादृच्छिक चाचणी झाली. प्लासिबो घेणाऱ्यांना वर्षाकाठी मध्यकाने साडेचार वेळा, तर औषध घेणाऱ्यांना अडीच वेळा क्रायसिस आला. छातीतील गंभीर विकार आणि रक्त लावण्याची गरज हीदेखील घटली. हीही चाचणी मुदतीआधी थांबली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रौढांसाठी हे औषध मान्य केले, आणि २०११ मध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या अर्भकांवरील चाचणीने ते इतक्या लहान वयातही उपयुक्त असल्याचे दाखवले. या चाचण्यांतून एक गोष्ट अशी कळली की औषधाचा लाभ केवळ हिमोग्लोबिन एफच्या वाढीने पूर्ण समजावता येत नाही. पांढऱ्या पेशी घटणे आणि पेशींचा चिकटपणा कमी होणे यांचाही त्यात वाटा आहे. वॉटसन यांचा तर्क खरा होता, पण पुरता नव्हता.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो भारताच्या दृष्टीने कळीचा आहे. अमेरिकेत सिद्ध झालेले औषध सर्वत्र तसेच लागू का मानू नये? आफ्रिकेत हाच प्रश्न गंभीर होता, कारण हायड्रॉक्सियुरिया पांढऱ्या पेशी घटवते आणि मलेरियाच्या प्रदेशात कुपोषित मुलांना ते देणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण ठरेल, अशी रास्त भीती होती. ती भीती वादाने नव्हे तर चाचणीने दूर झाली. युगांडातील प्लासिबो-चाचणीत २०१७ मध्ये दिसले की औषध घेणाऱ्या मुलांत मलेरिया वाढत नाही. त्यापाठोपाठ अँगोला, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया आणि युगांडा या चार देशांतील सहाशेहून अधिक मुलांच्या अभ्यासात औषध सुरू केल्यावर क्रायसिस तर घटलेच, शिवाय मलेरियाचे प्रमाणही सुमारे निम्म्यावर आले आणि मृत्यू एकतृतीयांशाच्या आसपास उतरले. शेकडो डॉक्टरांनी सावधगिरीने जे औषध रोखून धरले होते, ते रोखणेच घातक होते, हे त्या देशांतील मुलांच्या नोंदींनी सांगितले. बाहेरच्या देशातील निष्कर्षांना ते सांगता आले नसते.

विदर्भाची परिस्थिती याहून वेगळी, पण तितकीच स्वतंत्र तपासणी मागणारी आहे. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत नोंदवला गेला. मध्य भारतातील, नागपूर परिसरातील नोंद १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी केली. तेव्हापासून गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा आदिवासी जमातींत आणि विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही या जनुकाचे मोठे प्रमाण दिसून आले आहे. पुण्याहून राज्यभरच्या आदिवासी पट्ट्यांत दीर्घकाळ सिकलसेलचे काम करणारे सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने या आजाराच्या निदानाची आणि जनुकीय अभ्यासाची पायाभरणी केली.

भारतीय रुग्णांत एसचे जनुक ज्या शेजारी जनुकीय खुणांसह वारशाने येते त्या संचाला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, आणि या संचाबरोबर हिमोग्लोबिन एफ जास्त राहते. त्यावरून भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे मत रूढ झाले. ओडिशातील आणि गुजरातेतील काही गटांपुरते त्याला आधारही होता, कारण त्या गटांत अल्फा थॅलसेमिया ही आणखी एक अवस्था वारंवार आढळते आणि तीही आजार काहीसा सौम्य करते. नागपूरच्या मुलांना मात्र हे मत लागू पडत नव्हते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या संस्थेसह गर्भवती मातांची आधी तपासणी करून, एसचे जनुक असलेल्या मातांच्या नवजात बाळांचे रक्त तपासण्याचा क्रम सुरू केला आणि एसएस निघालेल्या बाळांचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये, जमैकाच्या अभ्यासाचे सर्जंट हेही ज्यात सहलेखक होते अशा निबंधात, मध्य भारतातील सिकलसेल हा संभाव्यतः तीव्र स्वरूपाचा आजार आहे, असे या गटाने स्पष्ट मांडले. हिमोग्लोबिन एफ जास्त असूनही क्रायसिस येतात, रक्त लावावे लागते, मुले दगावतात. ‘सौम्य’ हा शब्द एकदा पाठ्यपुस्तकात बसला की शासनाच्या अंदाजपत्रकातही त्याच तोलाने उमटतो, म्हणून या निष्कर्षाचे महत्त्व केवळ शास्त्रीय राहत नाही.

याच विभागाने दुसरा प्रश्न हाती घेतला तो मात्रेचा. पाश्चात्त्य पद्धतीत हायड्रॉक्सियुरिया वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमपासून सुरू करून रक्तपेशी खाली येईपर्यंत वाढवत नेतात, आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. ज्या पाड्यावरून तालुक्याची प्रयोगशाळा गाठायला अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते, तेथे ही पद्धत कागदावरच राहते. नागपूरच्या चाचणीत किलोमागे १० मिलिग्रॅम अशी ठरावीक कमी मात्रा प्लासिबोशी ताडून पाहिली गेली, आणि तीव्र आजार असलेल्या मुलांत क्रायसिस व रक्ताची गरज स्पष्टपणे घटल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले. दुसरीकडे युगांडातील २०२० च्या चाचणीने असे दाखवले की मात्रा हळूहळू वाढवत नेली तर ठरावीक मात्रेपेक्षा अधिक लाभ होतो आणि विषारी परिणाम वाढत नाहीत. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडून काढत नाहीत. दोन्ही आपापल्या रुग्णांविषयी खरे आहेत. मूळचेच हिमोग्लोबिन एफ जास्त असलेल्या मुलाला कमी मात्रा पुरते की तिच्यावर समाधान मानून त्याच्या वाट्याचा लाभ अर्धवट सोडला जातो, हे मध्य भारतातच तपासावे लागेल.

संशोधनाची दुसरी बाजू माणसांच्या संमतीची आहे, आणि या आजाराच्या इतिहासात ती वेदनादायक आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतील फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट उमगला नव्हता, आणि निरोगी वाहकांना विमा व नोकऱ्या नाकारल्या गेल्या. ज्या पॉलिंग यांनी आजाराचा रेणू शोधला, त्यांनीच १९६८ मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचवले होते. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने असे लिहावे ही गोष्ट दुःखद आहे, आणि रेणू जाणणे म्हणजे माणूस जाणणे नव्हे हे तिच्यामुळे लख्ख दिसते. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात १९७० च्या दशकात संपूर्ण गावाची तपासणी करून वाहकांना कळवण्यात आले, हेतू असा की दोन वाहकांनी परस्परांशी लग्न टाळावे. पुन्हा पाहणी झाली तेव्हा वाहकांना लग्नाच्या बाजारात कमी लेखले जात होते आणि कुटुंबे आपला निकाल लपवत होती.

विदर्भात आज तपासणीनंतर दिल्या जाणाऱ्या कार्डांच्या बाबतीत हीच भीती आहे, आणि तिचे ओझे बहुतांशी मुलींवर येते. सोयरीक जुळवताना मुलाचे कार्ड क्वचितच मागितले जाते. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. संख्या मोठी आहे, आणि म्हणूनच प्रत्येक तपासणीमागे समुपदेशनाचा किती वेळ दिला गेला हा आकडाही मोहिमेने तितक्याच गांभीर्याने प्रसिद्ध करायला हवा. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीत कामाच्या सुरुवातीच्या काळात सिकलसेलची पाहणी केली होती, आणि हा प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटतो तितका लोकांना तो आपला वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. लोकांचा प्रश्न आधी विचारावा, हा त्यांच्या पुढील कामाचा पाया झाला. आज परिस्थिती बदलली आहे, रुग्णांच्या संघटना स्वतः बोलत आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला आहे. पण संशोधनाचा प्रश्न कोणाचा, हे विचारण्याची गरज संपलेली नाही.

रक्तातला आकडा आणि रुग्णाचे बरे वाटणे यांत अंतर असते याचा ताजा दाखला व्हॉक्सेलोटर या औषधाने दिला. हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते एवढ्या आधारावर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली. नंतरच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांत क्रायसिस आणि मृत्यू अधिक असल्याची चिन्हे दिसल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. रुग्णाला आकडा नको असतो, त्याला ठणक्यावाचूनचे दिवस हवे असतात.

आजार मुळातून घालवण्याचा जुना मार्ग अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचा आहे. अमेरिकेत रक्ताचा कर्करोग झालेल्या एका सिकलसेलग्रस्त मुलीला कर्करोगासाठी दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्यात आली आणि तिचे दोन्ही आजार गेले, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी १९८३ मध्येच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने भारतात प्रत्यारोपणाची सुरुवात केली होती, त्यामुळे कौशल्याची परंपरा राज्यात आहे. अडचण दात्याची आहे: भावंडाची ऊती जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ते भावंड स्वतः एसएस नसण्याची चारात तीन, म्हणजे प्रत्येक भावंडामागे योग्य दाता मिळण्याची शक्यता सोळांत तीन एवढीच उरते.

दात्याची अडचण जनुकसंपादनाने दूर होते, कारण त्यात रुग्णाच्याच मूळपेशी वापरल्या जातात. त्या काढून क्रिस्पर या तंत्राने बीसीएल११एचा तांबड्या पेशींपुरता नियामक भाग तोडतात आणि पेशी परत देतात. गॅमावरचा दाब उठतो आणि प्रौढाच्या शरीरात पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन तयार होऊ लागते. या पद्धतीच्या मुख्य चाचणीत मूल्यमापनास पात्र ठरलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर तीव्र क्रायसिस आला नाही, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तिची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. शिवाय पेशी परत देण्यापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो आणि आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत राहावे लागते. भारतातील प्रयोगशाळा स्वस्त पर्यायावर काम करत आहेत आणि ते काम जोमाने व्हायला हवे. मात्र तो पर्याय सिद्ध झाला तरी निर्जंतुक खाटा, रक्तपेढ्या आणि प्रशिक्षित परिचारिका यांच्या संख्येनुसारच तो रुग्णांपर्यंत पोहोचेल, आणि तोवर जन्मलेल्या हजारो मुलांचे आयुष्य हायड्रॉक्सियुरिया, पेनिसिलिन, लसी आणि वेळेवर मिळणारे रक्त यांवरच अवलंबून राहील.

म्हणून मध्य भारताला आज सर्वांत जास्त गरज आहे ती एका दीर्घ आणि मोठ्या तुलनात्मक चाचणीची. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती आणि नंदुरबार येथील मुलांना यादृच्छिक पद्धतीने ठरावीक कमी मात्रा आणि वाढती मात्रा अशा दोन गटांत घालून किमान पाच वर्षे पाहिले जावे. रक्ततपासणीचे अंतर दोन्ही गटांत प्राथमिक आरोग्य केंद्राला झेपेल इतकेच ठेवले जावे. मोजमाप हिमोग्लोबिन एफचे व्हावे, पण निकाल ठरावा तो क्रायसिसचे दिवस, रक्त लावण्याच्या वेळा, पक्षाघात, बुडालेली शाळा आणि पालकांची बुडालेली मजुरी यांवरून. औषध पेटंटमुक्त आहे आणि स्वस्तही. लहान मुलांसाठी ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलऐवजी मोजून देता येईल असे द्रवरूप किंवा छोट्या गोळीचे औषध मात्र प्रत्येक केंद्रावर लागेल. नागपूरमध्ये जन्मापासून नोंद असलेली मुले आता वाढत्या वयात आहेत, आणि बालरोग विभागाची वयोमर्यादा ओलांडून ती मोठ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जातील तेव्हा त्यांचा कागद हरवू नये, त्यांना नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून सारे सांगावे लागू नये, यासाठी दोन्ही विभागांची एकच नोंदवही असणे हे या चाचणीच्या तयारीतले पहिले काम आहे.